पाच स्टारची पोरं आणि पाचच मॅच जिंकलेली टीम

डिसेंबर लागला की इथे टेक्सासमध्ये शाळेच्या जिममध्ये एक टेबल मांडतात, त्यावर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या ओळीने ठेवतात, मागे फुटबॉल खेळणारा सतरा वर्षांचा सव्वासहा फुटी पोरगा बसलेला असतो, शेजारी आई, आजी, कोच, समोर अख्खी शाळा मोबाईल वर धरून उभी, आणि तो एका टोपीवर हात नेतो, मग दुसरीवर नेतो, आणि शेवटी एक उचलून डोक्यावर घालतो. एकच आरडाओरडा होतो. आईच्या डोळ्यात पाणी. आणि तासाभरात त्या कॉलेजचा नंबर रिक्रूटिंगच्या, म्हणजे खेळाडू भरतीच्या, यादीत वर सरकलेला असतो आणि त्यांचे फॅन पुढच्या ट्रॉफीची स्वप्नं बघायला लागतात.

ही यादी कोण बनवतं आणि मैदानात ती कितपत खरी ठरते हा विषय आमच्या डॅलसच्या मराठी ग्रुपमध्ये दर सीझनला निघतो, कारण बऱ्याच जणांची मुलं आता याच कॉलेजांत शिकतायत आणि शनिवारी सगळ्यांच्या घरी टीव्हीवर हेच चालू असतं. एक जण म्हणतो स्टार वगैरे सगळा धंदा आहे, दुसरा म्हणतो जिंकतात तर त्याच टीम्स ना. मला दोघांचंही पटतं, आणि ते एकाच वेळी कसं खरं असू शकतं तेच आज नीट सांगायचंय. (फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेटवाला, बरं का.)

आधी यादीचं बघू. २४७ स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन अशा कंपन्यांची माणसं देशभर फिरतात, शाळेच्या मॅचेस बघतात, व्हिडिओ बघतात, उन्हाळ्यातल्या कॅम्पमध्ये पोरांची उंची-वजन मोजतात, पळायचा वेळ लावतात, आणि प्रत्येकाला स्टार देतात. पाच स्टार म्हणजे देशातले अगदी वरचे, वर्षाला साधारण तीसेक पोरं. एनएफएलच्या, म्हणजे प्रोफेशनल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (तिथे लीगच्या टीम्स कॉलेजचे खेळाडू एकेक करून निवडतात) पहिल्या फेरीत ३२ खेळाडू घेतात, तोच हिशोब धरून पाच स्टारवाले जवळपास तेवढेच ठेवतात. चार स्टारवाले तीनशे-चारशे. तीन स्टारवाले हजाराच्या वर. आणि त्याखाली लाखो पोरं ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही, कारण देशात शाळेत फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या आसपास आहेत.

मग एका कॉलेजने त्या वर्षी जी वीस-पंचवीस पोरं घेतली त्यांच्या मार्कांवरून त्या बॅचचा, म्हणजे इथल्या भाषेत 'क्लास'चा, एक स्कोर काढतात. यात सरळ बेरीज नसते, वरच्या पोरांना जास्त वजन आणि खालच्यांना कमी, नाहीतर कोणीही शंभर साधी पोरं गोळा करून पहिला नंबर काढला असता. आणि या सगळ्या कंपन्यांचे मार्क एकत्र करून एक सरासरी काढतात, तिला कंपोझिट म्हणतात. लोक भांडतात ते बहुतेक वेळा या कंपोझिटवरून.

आता मुद्द्याचं. स्टार खोटे असतात म्हणणारे लोक नेहमी जॉश ॲलनचं नाव घेतात. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या छोट्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा, शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजची ऑफर नाही, एकही स्टार नाही. जवळच्या रीडली कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या साध्या कॉलेजात खेळला, तिथून देशभरातल्या कोचेसना ढिगाने ईमेल पाठवले, शेवटी वायोमिंगने घेतला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातवा गेला आणि २०२४ च्या सीझनचा एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू झाला. जे. जे. वॉटचंही तसंच, दोन स्टार, सेंट्रल मिशिगनमध्ये वेगळ्याच पोझिशनवर खेळायला गेला, तिथून विस्कॉन्सिनला स्कॉलरशिपशिवाय आला, मधल्या काळात पिझ्झा पोचवायचं काम केलं, आणि पुढे तीन वेळा एनएफएलचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू.

अशी उदाहरणं ऐकली की वाटतं यादी फाडून टाकावी. पण इथेच गणिताची एक गंमत आहे जी कळली की बाकी सगळं सोपं होतं. समजायला सोपे आकडे घेऊ, हे माझे धरलेले आकडे आहेत. समजा पाच स्टारची ३० पोरं आहेत आणि त्यातली निम्मी एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये जातात, म्हणजे १५. तीन स्टारची २००० आहेत आणि त्यातली शंभरात पाचच जातात, म्हणजे १००. आता ड्राफ्टच्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला काय दिसेल? पंधरा पाच-स्टारवाले आणि शंभर तीन-स्टारवाले. तो म्हणणार बघा, स्टारला काही अर्थ नाही. पण तुम्ही कोच आहात आणि तुमच्यासमोर दोन पोरं उभी आहेत, एक पाचवाला एक तीनवाला, तर पहिल्याचे चान्सेस दहापट आहेत. दोन्ही वाक्यं खरी आहेत. खरे आकडे वर्षागणिक बदलतात पण चित्र साधारण असंच आहे, पाच स्टारवाल्यांतले निम्म्याच्या आसपास ड्राफ्टपर्यंत पोचतात, तीन स्टारवाल्यांतले दहातला एकही नाही.

आपल्याकडे म्हणतात शितावरून भाताची परीक्षा. रँकिंगच्या बाबतीत उलटं करून पाहावं लागतं, भात कसा झालाय हे ही यादी बऱ्यापैकी बरोबर सांगते, एकेका शिताबद्दल मात्र तिला फारसं सांगता येत नाही. जॉश ॲलन हे शीत. आणि टीम म्हणजे अख्खं पातेलं.

कारण या खेळात माणसं लागतात किती ते बघा. अकरा ऑफेन्सला, अकरा डिफेन्सला, किकसाठी वेगळे, आणि एका सीझनला किमान बारा मॅचेस, प्रत्येक मॅचमध्ये कोणीतरी लंगडत बाहेर जाणार. वर्षानुवर्षं एका टीमला ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती, २०२५ पासून ती काढून टीममध्ये १०५ खेळाडूंची मर्यादा आली. म्हणजे एखाद्या पोराचा अंदाज चुकला तरी बाकीचे असतात. विमा कंपनीला एक माणूस किती जगेल ते कळत नाही पण लाखभर माणसांचं बरोबर कळतं, तसंच.

याचा सगळ्यात सोपा मोजमाप बड एलियट नावाच्या पत्रकाराने काढला, त्याला ब्लू-चिप रेशो म्हणतात. मागच्या चार वर्षांत तुम्ही शाळेतून घेतलेल्या पोरांपैकी निम्म्याहून जास्त चार आणि पाच स्टारवाली आहेत का? असतील तर तुम्ही राष्ट्रीय चॅम्पियन होऊ शकता, नसतील तर नाही. एवढंच. एकशे तीसपेक्षा जास्त टीम्समधून दर वर्षी पंधरा-सोळाच्या आसपास टीम्स या रेषेच्या वर असतात, आणि २०२४ चा सीझन धरून वर्षानुवर्षं प्रत्येक चॅम्पियन याच टीम्समधून आला. २०२३ चं मिशिगन जेमतेम पन्नाशी ओलांडलेलं होतं पण ओलांडलेलं होतं. अलाबामाचा तेव्हाचा कोच निक सेबन याने २०११ ते २०१७ सलग सात वर्षं पहिल्या नंबरचा क्लास घेतला आणि अलाबामात एकूण सहा ट्रॉफ्या जिंकल्या, हा योगायोग नव्हे.

ही रेष ओलांडलेली आणि न ओलांडलेली टीम समोरासमोर आली की काय होतं ते ९ जानेवारी २०२३ ला सगळ्यांनी बघितलं. टीसीयू, म्हणजे इथलीच आमच्या बाजूच्या फोर्ट वर्थची टीम, सेमीफायनलमध्ये मिशिगनला ५१-४५ हरवून फायनलला पोचली होती, सगळं शहर जांभळं झालेलं, आणि समोर जॉर्जिया. ६५-७. हाफ टाइमलाच ३८-७ होतं. मी त्या रात्री टीसीयूच्या बाजूने बसलो होतो आणि मला आठवतंय ते एवढंच की आमच्या टीमच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणाऱ्याला, मान वर करून बघायलाही वेळ मिळत नव्हता. फरक सगळ्यात जास्त तिथे दिसतो, पुढच्या फळीत, कारण वेगाने पळणारी पोरं देशात खूप आहेत पण दीडशे किलोचा आणि तरी वेगाने पळणारा माणूस फार दुर्मिळ, आणि असे जे चार-पाच दर वर्षी निघतात ते त्याच ठरावीक टीम्सकडे जातात.

पण त्याच जॉर्जियाकडे जरा जवळून बघा. २०२१ ला त्यांनी जी ट्रॉफी जिंकली त्या टीमच्या डिफेन्समधले पाच जण पुढच्या ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत गेले, एकूण १५ जण गेले, सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमधला हा विक्रम होता. त्यांचा रेशो ऐंशीच्या घरात होता, यादी जे सांगत होती तसंच झालं. मात्र त्या पाचातला जॉर्डन डेव्हिस, ३४१ पाउंडाचा म्हणजे १५५ किलोचा माणूस ज्याने ४० यार्ड ४.७८ सेकंदांत पळून दाखवले, तो शाळेत तीन स्टार होता. आणि या सगळ्यांचा क्वार्टरबॅक स्टेट्सन बेनेट, जो दोन्ही फायनल जिंकला, तो स्कॉलरशिपशिवाय आलेला, मधे मिसिसिपीतल्या एका छोट्या कॉलेजात जाऊन परत आलेला पोरगा होता. भात उत्तम, त्यातली दोन शितं यादीत नीट वाचलीच गेली नव्हती.

आता यादी जिथे सपशेल आपटली ते. टेक्सास ए अँड एम, २०२२. त्यांनी जो क्लास घेतला तो कंपोझिटच्या तोपर्यंतच्या इतिहासातला सगळ्यात जास्त मार्कांचा होता, आठ पाच-स्टारवाली पोरं एका बॅचमध्ये. इथे टेक्सासमध्ये त्या फेब्रुवारीत दुसरा विषय नव्हता. आणि १० सप्टेंबरला नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावची ॲपलाचियन स्टेट ही छोटी टीम आली, जिला हरायला बोलवतात तशी पंधरा लाख डॉलर देऊन बोलावलेली, आणि नव्वद हजारांहून जास्त लोकांसमोर १७-१४ जिंकून गेली. साठ मिनिटांच्या मॅचमध्ये ४१ मिनिटांहून जास्त वेळ बॉल त्यांच्याकडेच होता. तीन-चार यार्ड, परत तीन-चार यार्ड, असं करत ते घड्याळ खात राहिले आणि ए अँड एमची महागडी पोरं बाजूला उभं राहून बघत राहिली. तो सीझन ए अँड एमने ५ विजय ७ पराभव असा संपवला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कोचला काढलं, त्याच्या कराराचे साडेसात कोटींहून जास्त डॉलर द्यायचे कबूल करून.

मग काय, त्या आठ पोरांचं मोजमाप चुकलं होतं का? इथे बहुतेक लोक घाईत चुकीचं उत्तर देतात. त्यातला वॉल्टर नोलन दोन वर्षांनी ओल मिसला निघून गेला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सोळावा गेला. शमार स्टुअर्ट ए अँड एममध्येच राहिला, तो सतरावा गेला. एकापाठोपाठ एक, पहिल्या फेरीत. म्हणजे पोरं खरोखरच तेवढी चांगली होती. पण क्लासचं रँकिंग फेब्रुवारीत लागतं आणि ती पोरं त्या सप्टेंबरमध्ये अठरा वर्षांची असतात, समोरच्या टीममध्ये बावीस-तेवीस वर्षांचे बाप्ये असतात ज्यांनी चार वर्षं रोज व्यायाम केलाय आणि एकच पद्धत घोटून घेतलीय. क्लासचं फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी मिळतं. आणि ए अँड एममध्ये तिसरं वर्ष यायच्या आत त्या बॅचमधली कितीतरी पोरं दुसऱ्या कॉलेजांत निघून गेली होती.

हे निघून जाणं हाच सगळ्यात मोठा बदल आहे. पूर्वी कॉलेज बदललं तर एक वर्ष बसून राहावं लागायचं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायचंय अशा खेळाडूंची यादी, सुरू झालं, २०२१ पासून एकदा बदलल्यावर लगेच खेळता यायला लागलं, २०२४ पासून कितीही वेळा. २०२१ च्या जुलैपासून पोरांना जाहिरातीतून पैसे कमवायची मुभा मिळाली आणि २०२५ पासून कॉलेजं स्वतःच खेळाडूंना वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत वाटू शकतात. म्हणजे ब्लू-चिप रेशो जेव्हा शोधला तेव्हा चार वर्षांत घेतलेली पोरं म्हणजेच टीम असं जवळपास समीकरण होतं. ते आता राहिलं नाही. यादी अजूनही शाळेतून कोण आलं ते मोजते, मैदानात मात्र तिसऱ्याच कॉलेजातून आलेला चोविशीतला माणूस उतरतो.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, स्टार देणारे लोक काही एकांतात बसून स्टार देत नाहीत. एखाद्या पोराला अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट अशा तिघांनी ऑफर दिली की सगळ्यांचे डोळे तिकडे वळतात, परत व्हिडिओ बघितला जातो, आणि बऱ्याचदा मार्क वाढतात. मग आपण म्हणतो की बघा मोठ्या कॉलेजांना कशी चांगलीच पोरं मिळतात. थोडं कोंबडी आधी की अंडं आधी असं होतं. मला यात काही लबाडी वाटत नाही, कारण सेबनसारखा माणूस एखाद्या पोराच्या घरी जाऊन बसतो ही स्वतःच एक मोठी माहिती आहे. पण यामुळे होतं काय की ज्या गावात कोणी जातच नाही तिथला पोरगा दोन स्टारवरच राहतो. इथे डॅलसजवळच्या ॲलन नावाच्या गावातल्या शाळेचं स्टेडियम १८ हजार लोकांचं आहे, सहा कोटी डॉलर खर्चून बांधलेलं, तिथला पोरगा कोणाच्या नजरेतून सुटणार नाही. फायरबॉचा सुटतो.

पोझिशनचाही फरक पडतो, ऑफेन्सच्या पुढच्या फळीत खेळणारा पोरगा सतराव्या वर्षी १२० किलोचा असतो आणि बावीसाव्या वर्षी १४५ चा, त्याचं शरीर पुढे कसं भरेल हे कोणाला सांगता येणार. क्वार्टरबॅकचं तर अजून अवघड, तिथे दोन सेकंदांत काय दिसतं आणि डोकं किती शांत राहतं याला महत्त्व, आणि ते कॅम्पमध्ये चड्डी-टीशर्टवर बॉल फेकताना मोजता येत नाही. आणि क्वार्टरबॅक हा एकच खेळाडू असा की त्याच्याबद्दलचा अंदाज चुकला तर अख्ख्या टीमचा निकाल बदलतो.

एकेका मॅचबद्दल पण हेच. ३० नोव्हेंबर २०२४ ला ओहायो स्टेट, देशातल्या सगळ्यात महागड्या टीम्सपैकी एक, घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरली जेव्हा सगळे म्हणत होते वीस पॉइंटने जिंकणार. त्याच टीमने २० जानेवारीला नोत्र दामला ३४-२३ हरवून ट्रॉफी नेली. यादीने ओहायो स्टेट वरच्या दोन-तीनात येईल हे बरोबर सांगितलं होतं, त्या शनिवारी काय होईल हे ती कधीच सांगत नव्हती.

आणि मग इंडियाना आलं. इंडियाना म्हणजे ज्यांची इतिहासात सगळ्यात जास्त हारी असलेल्या टीम्समध्ये गणना, बास्केटबॉलचं राज्य, फुटबॉल म्हणजे हिवाळा यायच्या आधीचा टाइमपास. २०२४ च्या सीझनसाठी तिथे कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आला. गंमत बघा, हाच माणूस २००७ ते २०१० सेबनच्या हाताखाली अलाबामात रिक्रूटिंगचं काम बघायचा. त्याला स्टारची किंमत कोणी शिकवायची गरज नव्हती. पण त्याच्याकडे अलाबामाचं नाव नव्हतं, म्हणून त्याने उलटं धोरण धरलं, हा पोरगा पुढे काय होईल हे बघायचं नाही, यानं आत्तापर्यंत कॉलेजच्या मैदानात काय करून दाखवलंय तेवढं बघायचं. आधीच्या जेम्स मॅडिसन या छोट्या कॉलेजातून तो डझनभर पोरं बरोबर घेऊन आला, ईलायजा सॅरेट, एडन फिशर, डीअँजेलो पॉन्ड्स. कोणीच पाच स्टार नाही. पण सगळे शेकडो प्लेज खेळून तयार झालेले.

म्हणजे त्याने वर सांगितलेल्या गणितातली तीच १०० पोरं शोधली जी २००० मधून वर येतात, फक्त ती वर आल्यानंतर शोधली. सतराव्या वर्षी ओळखता येत नव्हती, एकविसाव्या वर्षी येतात. पोर्टल नसतं तर हे शक्यच नव्हतं.

२०२५ साठी त्याने क्वार्टरबॅक आणला फर्नांडो मेंडोझा. मायामीचा पोरगा, शाळेत दोन-तीन स्टार, आधी येलला जायचं ठरलेलं, मग ऐनवेळी कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीची ऑफर आली, तिथून इंडियाना. त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन पुरस्कार त्याला मिळाला. इंडियानाने फायनलआधी ओहायो स्टेटला १३-१०, अलाबामाला ३८-३, ऑरेगनला ५६-२२ हरवलं, तिन्ही रेषेच्या वरच्या टीम्स. आणि १९ जानेवारी २०२६ ला फायनल, मायामीतच, समोर मायामीचीच टीम, म्हणजे समोरच्यांचं घरचं स्टेडियम आणि मेंडोझाचंही घरचंच शहर.

चौथ्या क्वार्टरमध्ये फोर्थ डाऊन होता, शेवटचा प्रयत्न, बहुतेक कोच किक मारून तीन पॉइंट घेतात. सिग्नेटीने टाइमआउट घेतला आणि खेळायचं ठरवलं. मेंडोझाने बॉल फेकला नाही, तो स्वतःच मधून पळाला, एकाचा धक्का खाल्ला, गरगर फिरला, दुसऱ्याचा खाल्ला, आणि शेवटचे दोन यार्ड दोन्ही हात पुढे करून आडवा झेपावला. बारा यार्ड. टचडाऊन. शेवटी २७-२१, सीझन १६-०, आणि ब्लू-चिप रेशोत पन्नाशीच्या जवळपासही नसलेली टीम चॅम्पियन.

आमच्या ग्रुपवर त्या रात्री साडेदहा-अकराला स्टारवाल्या आणि बिनस्टारवाल्या दोन्ही पार्ट्यांचे मेसेज धडाधड येत होते. मी तो बारा यार्डांचा व्हिडिओ सात-आठ वेळा बघितला, त्याला अडवायला आलेल्या पोरांची नावं शोधून त्यांच्या शाळेतले स्टार बघत बसलो, आणि झोपायला दीड वाजला.